कच्चं बसलं, पक्कं अडलं: क्विल्ट केलेलं डब्लेट दर वेळी तोकडं का होतं?

पेपर कटिंग बरोबर. मांजरपाटाचा कच्चा नमुना अंगावर चपखल बसला. हात वर जातात, समोरच्या कडा एकमेकींवर येतात. मग खरं कापड, भराव आणि अस्तर असे थर लावून उभ्या टिपा मारल्या (यालाच क्विल्ट करणं म्हणतात), बाजू जोडल्या, घालून पाहिलं, आणि समोरच्या दोन कडांमध्ये चांगलं तीन बोटं अंतर. पोट आत घेतलं तरी दोन बोटं राहतंच.

माझ्या बाबतीत हे ओळीने तीनदा झालं. भाच्याच्या कॉलेजात शेक्सपिअरचे काही प्रवेश बसवत होते. भाड्याने आणलेले कोट म्हणजे बँडवाल्यांचे वाटतात, म्हणून त्याने मला गळ घातली. पहिलं डब्लेट तोकडं झालं तेव्हा मी त्याच्या वडापावला दोष दिला. दुसऱ्या वेळी कापड आटलं म्हणून दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली. तिसऱ्या वेळी मशीनचं टेन्शन पिळत बसले. शेवटी वैतागून टेप घेतली आणि तो कपडा टेबलावर गोल उभा करून मोजला. छातीच्या रेषेवर बाहेरून साडेछत्तीस इंच, आतून पस्तीस. कपडा एक आणि मापं दोन! माझ्या अंदाजाने इतर घरच्या शिवणाऱ्यांचाही घोळ इथेच होत असणार, कारण आपण सगळे शिकलेलो असतो ते पातळ कापडाचं शिवणकाम. ब्लाउजला जाडी नसते. डब्लेटला असते.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोळाव्या शतकात युरोपातले पुरुष शर्टावर जो कमरेपर्यंतचा, अंगाला घट्ट, समोर बटणं लावायचा अंगरखा घालत, ते डब्लेट. खालची ब्रीचेस, म्हणजे गुडघ्यापर्यंतची विजार, याच्याच कमरेला नाड्यांनी बांधलेली असे, त्यामुळे ते सैल असून चालतच नसे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत मोरोनी या इटालियन चित्रकाराचं एका शिंप्याचं चित्र आहे, साधारण १५६५ ते १५७० च्या दरम्यानचं. शिंप्याच्या हातात कात्री, पुढ्यात काळं कापड, त्यावर खडूच्या रेघा, आणि अंगात साईच्या रंगाचं डब्लेट. छाती-खांद्यावर ते कसं बसलंय ते नीट बघा. झोळ नाही आणि ताणही नाही. मी हे चित्र मोबाइलवर उघडं ठेवून शिवते.

१५७० नंतर पुढच्या भागात भराव वाढत गेला आणि पोटावर शेंगेसारखा टोकदार फुगा आणायची टूम निघाली. भरावाला इंग्रजीत 'बॉम्बास्ट' म्हणत, म्हणजे मुळात कापूसच. फुगवलेल्या, शब्दबंबाळ भाषेला तोच शब्द पुढे चिकटला. फिलिप स्टब्स नावाच्या एका कर्मठ इंग्रज लेखकाने १५८३ मध्ये तक्रार केली आहे की लोक डब्लेटमध्ये किमान चार, पाच, सहा पौंड भराव कोंबतात. सहा पौंड म्हणजे पावणेतीन किलो. गृहस्थ चिडून लिहीत होता हे धरलं तरी आकडा लक्षात ठेवा, कारण आपली अडचण या भरावातच आहे.

आटणं वेगळं, आखडणं वेगळं

कापड पाण्याने आटतं. टाक्याने आखडतं. ह्या दोन गोष्टी आपण बोलताना एकच धरतो आणि मग चुकीच्या ठिकाणी इलाज करतो. डब्लेटमध्ये आणखी तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे जाडी. तिन्ही मिळून तुमचे इंच खातात. तुमच्या कपड्यात कुणी किती खाल्ले हे आधी शोधायचं.

आखडण्यापासून सुरुवात करते. सपाट कापडावर एक एक इंचावर टिपा मारल्या आणि मधे भराव असला, की दोन टिपांच्या मधलं कापड कमानीसारखं वर येतं. कमानीवरून चालत जाण्याचं अंतर पायथ्यातल्या अंतरापेक्षा जास्त असतं. कापड तर इंचभरच आहे, मग पायथा कमी होणार. हिशेब करून बघितला: फुगा टिपेच्या पातळीपासून एक अष्टमांश इंच वर आला तर रुंदी साधारण ४ टक्के जाते. तोच फुगा पाव इंच आला तर जवळजवळ १९ टक्के. फुगा दुप्पट, आणि नुकसान चौपटीहून जास्त. म्हणूनच "जरा जाड भराव घेऊ, छान दिसेल" असं म्हणून फायबरची शीट एकावर एक दोन घातलीत, की अडतीस इंचांतले सात इंच गेलेच. प्रत्यक्षात कापड थोडं ताणलं जातं, भराव थोडा दबतो, त्यामुळे एवढं सगळं जात नाही, पण अंदाज बांधायला हा हिशेब पुरतो.

यातली एक बाब फार थोडे लोक लक्षात घेतात. उभ्या टिपांनी कपडा फक्त आडवा आखडतो. उंची जवळपास तेवढीच राहते. म्हणजे सगळा नमुना चारी बाजूंनी मोठा केलात तर कंबर खाली घसरेल, छाती मात्र अजूनही अडेल. माझं दुसरं डब्लेट असंच बिघडलं. शंकरपाळ्यासारख्या तिरप्या टिपा घातल्या तर मात्र दोन्हीकडून आखडतं. नाटकासाठी पहिल्यांदाच शिवत असाल तर शंकरपाळे टाळा, उभ्या रेघांवरच भागवा. दिसायलाही त्याच जास्त त्या काळच्या वाटतात.

आता जाडी. कपडा अंगाभोवती गोल फिरतो. आतला गोल आणि बाहेरचा गोल यांच्या परिघांत फरक पडतो, आणि तो जाडीच्या सव्वासहा पट असतो. शाळेतलं दोन पाय आर, दुसरं काही नाही. शिवून झाल्यावर सगळे थर मिळून पाव इंच जाड भरत असतील तर फरक दीड इंचाच्या थोडा वर. अर्धा इंच जाड असतील तर तीन इंचांहून जास्त. सपाट टेबलावर अस्तर आणि दर्शनी कापड एकाच मापाचं घेऊन टिपा मारल्या की दोन्ही थर सारख्याच लांबीचे बांधले जातात. मग कपडा अंगाभोवती वळवला की बाहेरचं कापड ताणून बसतं आणि आतलं अस्तर बिचारं जागा नाही म्हणून घड्या घालतं. आत हात घालून बघा, छातीच्या खाली, बगलेजवळ, अस्तराच्या उभ्या वळ्या लागतील. लागल्या तर दोष जाडीचा आहे, मशीनचा नाही.

आटणं सगळ्यांत सोपं. मांजरपाट, सुती अस्तर, कॅनव्हास, सगळं बेतण्याआधी रात्रभर पाण्यात घालून वाळवा आणि इस्त्री करा. कापडावरची खळ निघते ती वेगळीच. कोरं मांजरपाट आतल्या थराला वापरून वरून वाफेची इस्त्री फिरवली तर ते आत आटतं, बाहेरचं सॅटिन आटत नाही, आणि सगळ्या दर्शनी भागावर कोंबडीच्या कातडीसारखे खड्डे पडतात. याला नंतर इलाज नाही.

माझ्या तिसऱ्या डब्लेटचा ताळेबंद मांडून दाखवते. भाच्याची छाती ३६. दोन इंच लूज धरून ३८ वर बेतलं. आखडण्यात गेले दीड इंच, जाडीत गेले दीड. म्हणजे आत उरले ३५. ३६ ची छाती ३५ मध्ये घालायची, तीही शर्टावरून, आणि वर त्याने तलवार उपसायची!

आधी टिपा, मग कात्री

आता उपाय. तो इतका साधा आहे की लिहायला संकोच वाटतो. भाग बेतून मग क्विल्ट करायचे नाहीत. मोठ्या चौकोनी तुकड्यावर आधी सगळे थर लावून क्विल्टिंग उरकायचं, आणि त्या तयार झालेल्या जाड कापडावर नमुना ठेवून मग बेतायचं. गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही. त्या गोधडी भरतात आणि कडा शेवटी बघतात, कारण भरताना ती आखडणार हे त्यांना ठाऊकच असतं. आपण मात्र शिवणक्लासात शिकलेलो असतो की आधी बेता, मग शिवा.

गोधडीचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. यान हुइखेन व्हान लिन्स्कोतेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात होता, तिथल्या आर्चबिशपच्या पदरी. परत गेल्यावर त्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात गुजरातेतल्या खंबायतच्या मालाचं वर्णन करताना रेशमाने टाके घातलेल्या सुंदर पांघरुणांचा उल्लेख येतो, आणि त्यांची नावं तो देतो 'गोदोरिइन' आणि 'कोल्शा'. कोल्शा हा पोर्तुगीज शब्द. गोदोरिइन म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. ज्या दशकात लंडनमधला स्टब्स भरावाच्या नावाने खडे फोडत होता, त्याच दशकात आपल्याकडची क्विल्टिंगची कामं जहाजांतून लिस्बनला जात होती. त्यामुळे डब्लेटला गोधडीची युक्ती वापरताना मला काही उसनं घेतल्यासारखं वाटत नाही.

किती मोठा तुकडा घ्यायचा हे ठरवायला नमुन्याचा चौकोन हवाच. तो चुकवू नका, अर्ध्या तासाचं काम आहे. जे थर प्रत्यक्षात वापरणार तेच, त्याच क्रमाने, बारा इंच चौरस घ्या. दर्शनी बाजूला मधोमध बरोबर दहा इंचांचा चौकोन खडूने आखा. ज्या अंतराने टिपा मारणार त्याच अंतराने मारा. मग तो चौकोन पुन्हा मोजा. आडवे दहाचे सव्वानऊ झाले असतील तर हिशेब असा: वीस इंच रुंद भाग हवा असेल तर २० गुणिले १०, भागिले ९.२५, म्हणजे २१.६. आपण बावीस घ्यायचे. उभ्या दिशेने वेगळं मोजा, तिथे बहुधा पाव इंचाच्या आतच फरक निघेल. हा चौकोन टाकून देऊ नका. त्याच्यावरच काज पाडून बघता येतात, आणि जाड कापडाला काज पाडणं ही वेगळीच कटकट आहे.

जाडीसाठी नमुना वेगळ्या तऱ्हेने वाढवावा लागतो. मांजरपाटाचा कच्चा नमुना अंगावर बसवताना शर्ट घातलेला असू दे. मग तयार क्विल्टची जाडी बोटांत हलकेच धरून मोजा, दाबू नका. भराव चारी बाजूंनी सारखा असेल तर सव्वासहाने गुणा आणि तेवढी वाढ बाजूंच्या शिवणीत वाटून द्या. पण खरं तर पाठीत भरावाची गरजच नसते. त्या काळच्या डब्लेटचा सगळा दिमाख पुढून. पाठीला दर्शनी कापड, कॅनव्हास आणि अस्तर एवढंच ठेवलं तर वाढ निम्म्यावर येते, घाम कमी येतो, आणि नटाला खुर्चीत टेकून बसता येतं. मी आता पाठीत भराव घालतच नाही.

खालचा थर पळतो, वरचा उरतो

दुसरी हमखास तक्रार अशी: टीप मारत शेवटापर्यंत गेलं की वरचं कापड अर्धा इंच पुढे आलेलं असतं आणि दोन टिपांमधे तिरप्या चुण्या पडतात. लोक लगेच दोऱ्याचं टेन्शन ढिलं करतात. त्याने टाके सैल होतात, चुण्या तशाच राहतात.

कारण दोऱ्यात नाही, फूटच्या दाबात आहे. मशीनचे खालचे दाते खालचा थर पुढे ढकलतात, वरून फूट वरचा थर दाबून मागे धरतो. पातळ कापडाला ते चालतं, भरावावर चालत नाही. खात्री करायची असेल तर एकाच लांबीच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवा, न टाचता टीप मारा. शेवटी वरची पट्टी उरली तर दाब जास्त आहे. जुन्या काळ्या पायमशीनवर डाव्या टोकाला, फूटच्या दांड्यावर, एक गोल स्क्रू असतो. तो उलटा फिरवून दाब कमी करा. मुळात पायमशीन या कामाला उत्तमच, सरळ टीप आणि ताकद दोन्ही आहे. नव्या मशीनवर जमत असेल तर वॉकिंग फूट बसवा. त्याला वरूनही दाते असतात आणि दोन्ही थर बरोबर सरकतात. सुई १६ नंबरची, टाका मोठा, तीन ते साडेतीन मिलिमीटर.

टिपा मधल्या रेघेपासून सुरू करून दोन्ही कडांकडे जा, आणि सगळ्या एकाच दिशेने, वरून खाली. एक वरून खाली, पुढची खालून वर असं केलंत की प्रत्येक पट्टा उलट्या दिशेला ओढला जातो आणि त्या तिरप्या चुण्या पडतात. दर वेळी दोरा तोडून वर यायचा कंटाळा येतो, मान्य आहे.

आणि टाचण्या नकोत. सॅटिनला भोकं राहतात, शिवाय टाचणी घातली की ती थर उचलते आणि काढली की थर दुसरीकडेच बसतो. सगळा तुकडा जमिनीवर ताणून, कडांना वजनं ठेवून, वीतभर अंतरावर आडवे-उभे कच्चे टाके घाला. माझ्याकडे वजनाला डाळीचे डबे असतात. कच्चा दोरा उठून दिसणाऱ्या रंगाचा घ्या, नाहीतर उसवताना डोळे फुटतात.

सॅटिनबद्दल आणखी एक. फायबरच्या शीटमधले केस सुईच्या भोकांतून बाहेर येतात आणि काळ्या सॅटिनवर पांढरी दाढी उगवल्यासारखी दिसते. कापताना येत नाही, आठवड्याने येते. भराव आणि दर्शनी कापड यांच्यामध्ये मलमलचा एक थर घातला की हा त्रास जातो. मला स्वतःला शीटपेक्षा पिंजलेला कापूस आवडतो. गादीवाल्याकडून पाव किलो आणला तर एका डब्लेटच्या पुढच्या भागाला भरपूर होतो, शीटइतका उकडत नाही आणि त्याचा फुगा मऊ येतो. मात्र सुटा कापूस असेल तर टिपांमधलं अंतर दोन इंचांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर तो खाली गोळा होतो.

पोटावरचा फुगा टिपांनी येत नाही

ज्यांना १५८० च्या सुमाराचा तो शेंगेसारखा फुगा हवा आहे त्यांनी वर लिहिलेलं अर्धं विसरावं. तो सपाट क्विल्टमधून येणारच नाही. मी जाड शीट घालून प्रयत्न केला आणि भाचा गॅस सिलिंडरसारखा दिसला.

त्या काळी दर्शनी कापडातून टिपा घालतच असं नाही. पुष्कळ डब्लेटांत भराव आतल्या कॅनव्हासला टाचलेला असे आणि वरचं रेशीम किंवा मखमल त्यावरून गुळगुळीत बसवलेलं असे. टाका बाहेर दिसतच नाही. हे घरी करणं वाटतं तितकं अवघड नाही, फक्त हाताने करावं लागतं. कॅनव्हासचा पुढचा भाग मांडीवर बाकदार धरायचा. त्यावर कापसाचा सगळ्यांत लहान थर, फुगा जिथे जास्त हवा तिथे. त्यावर जरा मोठा, त्यावर त्याहून मोठा. मोठा थर सगळ्यांत वर असला की कडा उतरत जातात, पायरी दिसत नाही. मग तिरपे सैल टाके घालत जायचं, दर टाक्याला कॅनव्हासचे दोनच धागे उचलायचे. मांडीवर बाक धरलेला असल्यामुळे वरच्या थराला आपोआप जास्त लांबी मिळते आणि जाडीचा जो हिशेब वर केला तो हात परस्पर करून टाकतो. कोटाच्या कॉलरला जुने शिंपी असेच टाके घालतात, त्यांच्याकडे बसून बघितलं तर दहा मिनिटांत समजेल.

दर्शनी कापड त्या उंचवट्यावरून पसरून, हाताने बसवून, मग बेतायचं. सपाट नमुन्यावरून आधीच बेतलंत तर पोटावर हमखास कमी पडेल. दोन पुढच्या भागांना मिळून मला चार संध्याकाळी लागल्या. मालिका बघत करण्यासारखं काम आहे.

शिवणी आणि मुंढा

क्विल्ट केलेले दोन भाग जोडले की शिवणीत सहा-आठ थर येतात. सुई मोडते, आणि मोडली नाही तर बाजूला बोटभर जाड वरवंटा तयार होतो. टिपा शिवणीच्या रेषेपासून इंचभर आधीच थांबवा. तेवढ्या पट्ट्यातला भराव बाजूला करून कापून काढा. दर्शनी कापड मशीनवर जोडा, अस्तराची एक कड दुसरीवर दुमडून हाताने बारीक टाक्यांनी बंद करा. टिपांची सुटी टोकं मागे ओढून गाठ मारायला विसरू नका.

मुंढ्याच्या बाबतीत सगळ्यांची पहिली कल्पना चुकीची असते, माझीही होती: हात वर होत नाही, मग मुंढा खाली कापून मोठा करा. मुंढा जितका खाली, तितकं हात वर करताना सगळं डब्लेट वर उचललं जातं, आणि ते तर खाली ब्रीचेसला बांधलेलं आहे. मुंढा बगलेत वरपर्यंत, लहान आणि गोल ठेवा. त्याच्याभोवती इंचभर भराव नको. बाही अखंड शिवण्याऐवजी वरच्या अर्ध्या भागात भोकं पाडून नाड्यांनी बांधा, बगलेत मोकळी सोडा. ही पळवाट नाही. त्या काळी सुट्या, बांधायच्या बाह्या सर्रास असत, फटीतून आतला पांढरा शर्ट दिसणं ही हौसच होती. बांधलेल्या नाड्या झाकायला खांद्यावर एक अर्धगोल पट्टी येते. तलवार चालवायची असेल तर याहून बरा मार्ग मला सापडलेला नाही.

शिवून बसलात आणि तोकडं झालंय

प्रयोग परवावर आलाय, समोर तीन बोटं फट आहे, वरचं सगळं वाचून उपयोग नाही. अशा वेळी समोरची बटणपट्टी वाढवायच्या फंदात पडू नका. तिथे जोड लगेच दिसतो आणि बटणांची रेघ मधोमध राहत नाही. दोन्ही बगलेखालच्या शिवणी उसवा आणि कमी पडतंय त्याच्या निम्म्या रुंदीची एकेक पट्टी घाला. उसवलेल्या कडांना शिवणीत जाणारं कापड धरून पट्टी बेता, नाहीतर पुन्हा अर्धा इंच कमीच. पट्टी क्विल्ट करू नका, नुसतं दर्शनी कापड, कॅनव्हास आणि अस्तर. हात खाली असताना ती दिसत नाही, हात वर केला तरी रंगमंचावरून कळत नाही. त्याच रंगाचं कापड उरलं नसेल तर गडद रंगाचं चालतं, बगलेत सावलीच असते.

एक-दीड इंचच कमी पडत असेल तर पट्टीही नको. अस्तर छातीच्या रेषेवर आडवं उसवून आत हात घाला आणि पाठीतला भराव ओढून काढा. उभ्या टिपांच्या नळ्यांतून फायबरची पट्टी एकेक करून बऱ्यापैकी सुटते, कापूस चिमटीने काढावा लागतो. जाडी गेली की आतला गोल मोठा होतो. माझं तिसरं डब्लेट असंच वाचलं, आतून ३५ चं ३६ आणि वर थोडं. मागून जरा चपटं दिसतं, पण भाचा प्रेक्षकांकडे पाठ करत नाही.

धुवायचं मात्र नाही. आतून सुती शर्ट घाला, घाम तो पितो, धुवायचा तोच. डब्लेट उलटं करून सावलीत टांगा, कोरड्या ब्रशने झटका. फायबर असेल तर वरून गरम इस्त्री ठेवू नका, फुगा बसला की पुन्हा उठत नाही.